सगळ्या रात्री पौर्णिमा

डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला, जिथं ऊन पोचत नाही,
दोन काड्या आहेत माझ्या.
आगपेटीतल्या असतात तेवढ्या.
कसावा कांडताना कुणाला दिसत नाहीत,
बोटानं चाचपल्या की सरकतात किंचित.

लुसुंगु सिस्टरनं बसवल्या, न्खाटा बेच्या दवाखान्यात.
टाका नाही, नुसती पट्टी.
मी विचारलं, आत बसून करतात काय या?
ती कोळ्याची पोर. मलाच म्हणाली,
उसिपा कधी धरतात?
अंधाऱ्या रात्री. होडीत दिवा लावला की मासळी वर येते.
आणि पौर्णिमेला?
पौर्णिमेला होड्या वाळूवर.
तळंभर चांदणं असताना दिव्याला कोण विचारतंय!

तसंच, म्हणाली. मेंदूच्या तळाशी
वाटाण्याएवढी एक गाठ आहे तुझ्या.
महिन्यातून एकदा ती दिवा पेटवते,
तो बघून अंडं बाहेर पडतं.
या काड्या रोज चिमूटभर चांदणं सोडतात.
रोज. पाच वर्षं.
गाठीला वाटतं, आज पौर्णिमाच.

आणि पेटलाच एखाद्या रात्री?
तर दाराशी भेंडीचं कालवण आहे, ती हसली,
सोडा घालून आळलेलं.
येऊ दे कुणाला पोहत यायचं ते.

आणखीही काही सांगितलं होतं तिनं,
माझं लक्ष खिडकीबाहेर, धाकट्याकडे.
की आतलं अंथरूण विरत जातं,
आणि विरलेलं कापड कधी कुठून उसवेल, नेम नाही.

सत्तावीस दिवस ठिबकत होतं.
सासूनं दोरीवरची फडकी मोजली.
न्यामाझावो म्हणाली, काडी चालत चालत काळजात जाते.
मी दंड मुठीत धरून झोपायचे.
मग थांबलं ते चार महिने आलंच नाही.
सासूनं तेही मोजलं.
सिस्टरकडे गेले, काढून टाक म्हणायला.
तिनं दोन बोटं टेकवली.
आहेत जागच्या जागी, म्हणाली. काढू? आत्ता काढते.
बाहेर रांग होती. चिखलात चपला काढलेल्या.
मी म्हटलं, राहू दे, पुढच्या खेपेला बघू.

डिसेंबरात वितुंबिको आला जोहान्सबर्गहून,
ब्लँकेट, रेडिओ, पोरांना बूट.
मी त्याला सांगितलं नव्हतं.
तिसऱ्या रात्री त्याचा अंगठा दंडावर थांबला.
मागं गेला, पुन्हा पुढं आला.
तळ्यावर एकही दिवा नव्हता,
खरीच पौर्णिमा होती.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
अजून किती वर्षं?
दोन. वर काही महिने.
त्यानं मनात काहीतरी मोजलं.
फिया असतील, बसभाडं असेल.
दुखतं का, विचारलं.
नाही म्हटलं.

अंगठा तिथंच राहिला, झोप लागेपर्यंत.
पहाटे मी हळूच हात सोडवून घेतला.
कालची मासळी उलटायची होती मांडवावर,
आणि पाखरं आमच्या आधी उठतात.