हलवता येईल

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून.
इथे दोन्ही एकदम काढलंय.
पेलिकन आणि ट्रायडंट, बरबँकचे दोन जुने स्टुडिओ,
एका मांडवात,
आणि मांडव साठ मैलांवर, पामडेलच्या वाळवंटात.
सह्या होऊन सात महिने झाले.
माझ्याकडे टेप आहे, लेसर आहे
आणि वरून आलेला तक्ता,
ज्यात 'हलवता येईल' एवढा एकच रकाना.

हॅल प्रोहास्का म्हणाला, बिवलकर
– त्याच्या तोंडी त्याचं नुसतं 'बीव्ह' होतं –
आधी क्रेन मोज.
सोळा फूट भरली.
वाटेतल्या पुलाखाली साडेचौदा.
सुटी करून नेता येते, पण ती परत जोडणारा माणूस
ग्लेंडेलच्या वृद्धाश्रमात आहे
आणि त्याला हल्ली मुलगीच ओळखू येत नाही.
मी मान डोलावली.
माझ्याही घरी वरवंटा आलाय,
पाटा तिकडेच राहिला, विमानाच्या वजनात बसेना.

मग याद्या.
पेलिकनच्या वहीत चाळीस नंबर म्हणजे खुर्ची,
ट्रायडंटच्या वहीत चाळीस नंबर म्हणजे शवपेटी.
संगणकाने दोघांचं लग्न लावून दिलं,
आणि सोमवारी सकाळी सूपच्या जाहिरातीसाठी
जेवणाच्या टेबलाभोवती
आठ शवपेट्या, नीट, उशांसकट.
दिग्दर्शक पोरगेला होता. म्हणाला, थांबा, काढू नका.

हौदापाशी मी अर्धा दिवस घालवला.
समुद्राचे सगळे सीन इथेच झालेत,
मागे भिंतीवर रंगवलेलं आभाळ,
दर मार्चमध्ये निळा हात मारतात.
आभाळ कापून नेता येईल, बावीस तुकडे.
पण हौद?
हौद हलवायचा म्हणजे नक्की काय उचलायचं,
खड्डा?

नायट्रेटच्या जुन्या फिती, ठिणगीशिवाय पेटणाऱ्या.
अग्निशमन खात्याच्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
एका गाडीत चाळीस डबे, फक्त रात्री, वारा नसताना.
डबे नऊ हजार.
दोनशे पंचवीस खेपा.
ऑक्टोबरात इथे वारा कधी नसतो, हे त्यांनाही माहीत होतं.

आणि गाडी चालवणार कोण?
डेल्फिना रुवाल्काबा ट्रायडंटची, सव्वीस वर्षं.
व्हर्नन टटल पेलिकनचा, सव्वीस वर्षं.
कामावर लागल्याची तारीखही तीच.
युनियन म्हणते, यादी एक, तर पहिलं नाव एकच.
डेल्फिनाने पाकिटातून पार्किंगची पिवळी पावती काढली,
पहिल्या दिवसाची, सकाळी सहा दहा.
व्हर्नन म्हणाला, मी चालत आलो होतो.
त्यावर अजून निकाल नाही.

शुक्रवारी स्टेज नऊ.
लोरेटा साबो, ध्वनीवाली, दार लावून घेते
आणि एकदाच टाळी वाजवते.
टाळी होते आणि संपते. मागे काहीच उरत नाही.
पामडेलच्या नव्या शेडमध्येही तिने वाजवली होती,
मी होतो.
दर अकरा मिनिटांनी डोक्यावरून लष्करी जेट,
तळवे खाली येईपर्यंत पत्रा थरथरत राहिला.
तरंगती जमीन घालू, दुहेरी भिंत घालू, असं वरचे म्हणतात.
खर्चाचा आकडा वाचून वरचेच गप्प झाले,
म्हणजे तेवढी शांतता झाली म्हणायची.

मी तक्त्यावर पेनने दुसरा रकाना आखला,
वाकडा आला.
दरवाजे दोन, दिव्यांच्या कड्या एकशे चार,
पंखे सहा, शांतता.
हॅलने वाकून पाहिलं.
नग लिहितोस की किलो?

लोरेटाने ओठांवर बोट ठेवलं.
आम्ही तिघं तसेच उभे राहिलो, का कुणास ठाऊक.

बाहेर डेल्फिना ट्रक आडवा लावून
दहा मिनिटं हॉर्न वाजवत होती म्हणे.