शेळीच्या गळ्यातला मणी

तेरला आमच्या घरामागं पांढरीचं टेकाड आहे.
तिथं नुसती चप्पल घासली तरी
खापराचा तुकडा वर येतो.
कोंडामावशी पोरवयात तिथं गवऱ्या थापायची,
आणि वाळलेली गवरी उचलली की
खाली कधीकधी मणी चिकटलेला असायचा.
लाल, काकवीच्या रंगाचा,
एखादा पांढऱ्या रेघांचा.
त्यातला एक तिनं सुतळीत ओवून
शेळीच्या गळ्यात बांधला.
हौशीला दृष्ट लागायची, दूध आटायचं,
म्हणून.
दुसरं काही कारण नव्हतं.

पुढं मी धाराशिवला कॉलेजात गेले.
इनामदार मॅडम एका दुपारी म्हणाल्या,
दोन हजार वर्षांमागं
समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय:
पैठणहून उगवतीला दहा दिवसांच्या वाटेवर
तगर नावाचं मोठं शहर आहे.
तिथून जाडंभरडं कापड येतं, मलमल येते,
गाड्यांत भरून,
धड रस्ता नसलेल्या मुलखातून
भडोचच्या बंदरापर्यंत.
तगर म्हणजे आपलं तेर.

मागच्या बाकावरून आवाज आला,
"म्हंजे रस्ता तवापासूनच न्हाई."
मॅडमही हसल्या.

मी हिशेब करत होते.
दुपारची दोनची एसटी, आली तर आली,
आणि ह्याच गावातून निघालेलं ठाण
कुठल्याशा बंदरावर उलगडून
बोटांनी चाचपणारा कुणी परका माणूस.
विणलं कुणी, ते त्यानं लिहिलं नाही.
स्वतःचंही नाव लिहिलं नाही,
एवढं मात्र बरं केलं.

सुट्टीत घरी आले. मावशी हुलगे निवडत होती.
सगळं सांगितलं.
तिनं खडा बाजूला टाकला.
"समुद्रापार गेलं म्हण कापड?"
"गेलं."
"आन् उधारी वसूल झाली का?"

मला माहीत नव्हतं.
मॅडमनाही नसणार.

मग विचारलं, हौशीच्या गळ्यातला मणी कुठाय?
तो त्या काळातला असंल, मावशी.
अकीकाला एवढं बारीक भोक पाडायचं
म्हणजे कुणाचे तरी डोळे गेले असतील त्यात.

मावशीचा हात सुपातच थांबला.
"हौशीला मुरूडच्या बाजारात इकली की.
सुतळी सोडायचं ध्यानातच न्हाई राहिलं."
"कितीला?"
"चाळीस रुपये."
थोड्या वेळानं म्हणाली,
"मण्याचे न्हाई धरले त्यात."

म्हणजे तेरचा माल पुन्हा एकदा
गावाबाहेर गेला होता,
ह्या खेपेला उगवतीकडं,
स्वतःच्या चार पायांवर, मिमावत,
आणि पावती ह्याही वेळी कुणी केली नाही.

परवा मावशीला टेकाडावर पाहिलं.
गवऱ्या कधीच बंद झाल्या, गॅस आला,
तरी गेली होती.
खाली बघत, पाऊल मोजून टाकत चाललेली.
काय शोधतेस, मी हाक मारली.
"काय न्हाई," ती म्हणाली,
"काटे लई हायेत इथं."