आडवी रेघ

चोपड्याच्या तहसिलीत, रेकॉर्डच्या खोलीत
एकोणीसशे एक्कावन्नचा गठ्ठा हाती लागला.
लाल कापड. वर शाईनं : पूर्व खानदेश.
मी गेले होते भलत्याच कामाला,
माझ्या यादीतली अकरा मयत नावं कमी करायला.
बीएलओ आहे मी. अंगणवाडी सांभाळून.

पान सोळा.
सुपडूची माय.
झिपरू पाटलाची बायको.
उखा सुताराची सून, थोरली.
प्रत्येकीवर आडवी रेघ, पट्टी धरून मारलेली,
आणि बाजूला बारीक अक्षरात :
नाव सांगत नाही, सबब रद्द.

दिल्लीच्या एका कलमानं आलेलं मत
असं पट्टीच्या कडेनं गेलं.

कुणी गुरुजी असतील, सायकल ओट्याला टेकवून
विचारत उभे. आतून फक्त बांगड्या वाजल्या असतील.
नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात घेता येतं.
स्वतःच्या नावाला उखाणाच नव्हता.

त्याच पानावर, खाली, रेघ नसलेलं एक :
मोतनबाई.
पुढे नवरा नाही, बाप नाही, नुसती मोतनबाई.

गावात विचारत गेले.
सुपडूआप्पा भेटले, तेच ते, ऐंशीला टेकलेले,
केळीच्या बागेत ठिबकची नळी जोडत बसलेले.
"मोतन? मन्ही मावशी ती."
सायकल तापीच्या उताराला लागली तेव्हा
मावशी मागे धावली म्हणे,
हात कळण्याच्या पिठानं भरलेले, पदर खांद्यावर,
"लिखी ले रे भाऊ! मोतन! मोतीमधला मो!"
पोरं हसली. आप्पाही हसले होते.
घरी गेल्यावर तिला मार पडला की नाही,
ते त्यांना आठवत नाही.

मग मी विचारलं, "आणि तुमच्या आईचं नाव?"
आप्पांनी नळी खाली ठेवली.
"मायले काय नाव ऱ्हास?"
म्हणाले, आणि हसायला गेले, आणि थांबले.
सुनेनं आणलेल्या चहावर साय धरली.
त्यांना खरंच येत नव्हतं.

संध्याकाळी नव्या सुनेचा अर्ज भरायला
कोळीवाड्यात गेले.
"ताई, कोणतं लिहू?
माहेरचं, की तांदळात लिहून इथं ठेवलेलं?"
म्हटलं, हाक मारल्यावर
कुठल्या नावाला मान वळते तुझी, ते सांग.

ती उंबऱ्याकडे बघत राहिली.
पेनचं टोपण काढून
मी तशीच बसले. घाई नव्हती.