आतली चांदी

मेक्सिकोत पत्रा ठोकून हृदयं करतात, मी सांगितलं,
नवसाची.
आपण शेवेच्या पाकिटांची आतली चांदी घेऊ,
इंदुरात तिला काय तोटा!

चौथी ब. रामबागेतली दुपार.
संपलेल्या रिफिलींची करकर,
वर्गभर लौंग-शेवेचा वास.
फरहीनच्या हृदयाला ज्वाळा फुटल्या,
एकाच्या हृदयाला चक्क मिशा.

निनाद कोरान्नेनं मात्र हात कोरला.
मी बोटं मोजली. चार.
"एक राहिलं रे."
"नाही बाई, बाबांचं मशीनमध्ये गेलं.
शेवेच्याच."

देवीपुढचे चांदीचे डोळे आठवले मला,
ओळीनं ठेवलेले, कुणाकुणाचे.
म्हटलं, पाचवं काढून देऊ का आपण?
त्यानं हात माझ्यापासून जरा लांब धरला,
तेलकट बाजू शर्टाला पुसली,
आणि विचारलं,
"दोऱ्यासाठी भोक कुठे पाडू?"