तीस दिवसांची सही

नोव्हेंबर. हामरफेस्टमध्ये सूर्य परवाच गेला,
आता जानेवारीअखेर उगवेल.
माझ्या छापील कागदावर पाचवी ओळ तरीही तशीच:
उन्हापासून जपा.
सुन्निवा ती वाचून हसली
आणि हसताना हनुवटीवरची एक गाठ फुटली.
तिनं बाही टेकवली. सवयीनं.

सतरा वर्षांची.
उशीचे अभ्रे काळेच घेते म्हणाली,
रक्त दिसत नाही त्यावर.
मलमं झाली, अँटिबायोटिक्स दोनदा झाली,
आता ही कॅप्सूल उरली.

ओड्वारला, तिच्या बापाला, बाहेर बसवलं.
खेकड्यांच्या बोटीवरचा धिप्पाड माणूस
लहान मुलांच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला.
दार लावून विचारायचं ते विचारलं.
या औषधावर दिवस राहिले तर बाळाचं काय होतं
ते गोड करून सांगितलं नाही.
"कुणी नाहीये हो. या तोंडाला कोण—"
तरीही चाचणी. दर महिन्याला.
रक्तही: यकृत, चरबी.
ओठ फुटतील, मलमाची डबी खिशात ठेव.
घरी आणखी काय घेतेस?
काही नाही.
मग जरा थांबून: सकाळी चमचाभर कॉडचं तेल,
बाबा देतात. दात आल्यापासून.

ते बंद.
त्यातही हेच जीवनसत्त्व, अ.
मागून ओड्वारला आत बोलावलं,
यकृताचं, रक्ताचं त्यानं मुकाट ऐकलं,
इथं मात्र उभाच राहिला:
"तेल? तेल बंद?"

त्याला पुन्हा बाहेर पाठवून शेवटचा प्रश्न.
झोप लागते का. मन कसं आहे.
हा प्रश्न तोंडदेखला विचारता येतो.
मी विचारलाय तसा, एका शुक्रवारी,
कोटात हात घालता घालता, एका मुलाला.
बरंय, म्हणाला तो.
त्याची फाइल माझ्याच खणात आहे,
ती कुठं ठेवायची असते
मला कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून आता पेन खाली ठेवते.
सुन्निवा खिडकीकडे बघत राहिली.
बाहेर काळोख, म्हणजे काचेत तीच.
"आरसा नसतो तिथं मी बरी असते," म्हणाली.
तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

कॅप्सूल तीस दिवसांच्या. एकही जास्त नाही,
मग वादळ असो, रस्ता बंद असो,
बापाचा हंगाम असो.
परत ये.
चेहरा मी नंतर बघीन.