पहिली तार

पहिली तार चावते.
बाकीच्या पाच चारचौघांत बसल्यासारख्या वाजतात,
ही एकटी
स्टीलच्या ताटात उलथनं घासल्यासारखी.

माझा कान पालिकेचा.
पाणीखात्यात सव्वीस वर्षं, बहुतेक रात्रपाळी.
दोन वाजता रस्ता निजला की
पोलादी कांब मेनलाइनवर टेकवायची,
दुसरं टोक कानाला,
आणि ऐकत उभं राहायचं.
गळतीचा आवाज जाड नसतो,
बारीक असतो, वरचा,
झोंबलेल्या मिरचीवर दातांतून ओढलेला श्वास.
नव्या घरात गिटार छेडली आणि तोच आवाज आला.
मी उठून मोरीतला नळ बघून आलो.
बंद होता.

कलिन्याला गावठाणात बावतीस मिस्किटाची पडवी.
तोच दुकान, तोच खाट, तोच कोंबड्यांचा दवाखाना.
त्याने तार एकदा ओढली, तोंड वाकडं केलं.
घोडीवरची प्लास्टिकची पट्टी उपटून
हाडाची बसवली, घासत घासत
(कसलं हाड ते विचारू नकोस, म्हणाला).
दहाची तार काढून बाराची चढवली.
जाड तार कमी बडबडते.
माझं पिक उजेडात धरलं :
हे काय, एसटीचं तिकीट?
जाडं दिलं, कडा गोल केलेलं.
आणि घोडीच्या उरावर बसून मारू नकोस,
भोकाकडे ये, अजून, गळ्याकडे.
नाहीतर नख काप आणि अंगठा लाव,
मांस फुकट मिळालंय.

साडेचारशे रुपये.
तिथे पडवीत, पोत्यांच्या आणि कोंबड्यांच्या मध्ये
पहिली तार वाजली
ऊन पेजेसारखी.

घरी, कांजूरला, चौदाव्या मजल्यावर,
पुन्हा चावली.

रविवारी मिस्सा आटोपून तो स्वतः आला.
हत्यारं आणली नव्हती.
चपला काढल्या, हॉलच्या मधोमध उभा राहिला
आणि एकच टाळी वाजवली.
टाळी भिंतीवर गेली, लादीवर आली,
काचेवर आपटून परत त्याच्या हातात.
तो काही बोलला नाही. मला बोलायची गरज नव्हती.
सव्वीस वर्षांत दोनदा झालंय असं :
आवाज या पाइपात, पाणी भलत्याच्या पाइपातून जातंय,
आणि आपण खणून ठेवलाय अख्खा रस्ता.

आधी कुठे वाजवायचास?

काळाचौकीला, दहा बाय बारा.
दोरीवर धुणं, खाटेखाली गाद्या,
शालनकडे शिवायला आलेल्या ब्लाउजांचा ढीग,
दारात मोरे, पाय आत, डोकं बाहेर,
त्याची दोन पोरं, एक कुणाचं तरी,
शिवाय कुणी ना कुणी तांदूळ निवडत.

मग तेच पीत होते, बावतीस म्हणाला,
वरचा आवाज माणसाच्या अंगात जिरतो.
इथे कोण आहे?

इथे दोन बाय दोनच्या टाइल्स आहेत.
दाराला डोळा आहे.
भिंतीला खिळा मारायचा नाही असं सोसायटीचं पत्र आहे.

तो गेल्यावर मी गादी उचलून भिंतीला उभी केली.
शालन म्हणाली, हे काय आता?
म्हटलं, बस जरा.
कुठे?
इथेच, समोर.
गिटार काढली की ती आत जायची, दात शिवशिवतात म्हणून.
आज वाळलेल्या कपड्यांचा बोचका घेऊन आली
आणि मांडी घालून बसली, घड्या करत.

अंगठ्याने वाजवली.
चावली, पण कमी. बाळाच्या दातांइतकी.
तेवढी राहू दे.
कांब लावली आणि काहीच ऐकू आलं नाही
तर आम्ही खूश व्हायचो नाही,
लाइन कोरडी आहे असं लिहायचो.

शालनने माझा बनियन झटकला,
त्या फटक्याचाही आवाज परत आला भिंतीवरून,
थोडा.
उद्या मोऱ्यांना फोन करते, ती म्हणाली,
घर बघायला अजून आले नाहीत.