साठ शब्द

संपादक फोनवर म्हणायचे,
साठ शब्द, वर एक नको,
अकरा पानं अँप्लिफायरला गेलीत.
मी मिरजेच्या खोलीत शब्द निवडत बसायचो
मटकीतले खडे निवडावेत तसा.
"आर्त" काढला की "खर्ज" बसायचा.
अंबूताई कागवाडकरांचा मुलतानी,
दोन्ही बाजू मिळून बेचाळीस मिनिटं,
साठ शब्दांत.
आणि शेजारी एका तारेची, नुसत्या तारेची,
दीड मीटर तांब्याची
तीन रकाने स्तुती.
तिच्यात "काळोखी मखमल" होती, "संध्याकाळचा गारवा" होता,
माझी विशेषणं चोरून तारेला नेसवलेली.

तारवाले मागच्या कव्हरचे पैसे देत.
अंबूताई काय देणार?
एकदा पोस्टकार्ड आलं त्यांचं,
नाव बरोबर छापलंत, आभारी आहे.

भूपाल मगदूम सांगलीत, गावभागात.
साखर कारखान्यातनं निवृत्त, इन्स्ट्रुमेंटेशन खातं.
सव्वीस वर्षांचे अंक, तारखेवार.
माझा मित्र,
माझं एकही पान न वाचलेला.
"तुझं शेवटी असतंय," म्हणायचा, "तवर डोळं दमत्यात."

अंबूताईंची तबकडी होती त्याच्याकडे,
यंत्रं तपासायला.
पहिली चाळीस सेकंदं दोन तानपुरे,
एक डावीकडे, एक उजवीकडे.
"बघ, बोट तारेवरनं सुटलेलं दिसतंय का न्हाई?"
दिसायचं. खोटं कशाला बोलू, खरंच दिसायचं.
मग बाई श्वास घ्यायच्या
आणि हा सुई उचलायचा.

ऑगस्टात कृष्णा घरात आली.
कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत चढली,
सहा दिवस राहिली.

मी गेलो तेव्हा अंगणात विटा रचल्या होत्या.
विटा कसल्या, वर्षं होती ती.
गुळगुळीत कागद भिजून एकमेकांत मुरला होता,
सुरी घातली तरी फुटेना.
आत कुठंतरी सगळे आलेख,
शून्य पूर्णांक शून्य शून्य तीन टक्के विकृती,
सोनेरी बटणं, एकाच ढेकळात.
फक्त शेवटची चार पानं सुटी होत होती,
रद्दीच्या मोलाची, खरबरीत,
ज्यांच्यावर शाई कधी नीट उठलीच नाही.
मगदूमच्या सुनेनं, राजमतीनं,
ती चिमटे लावून दोरीवर घातली
लुगडी-परकरांच्या रांगेत.

हातात दुसरं काही उरलं नाही म्हणून
मगदूम वाचत निघाला,
दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
चिखलात, पायजमा गुडघ्यावर खोवून.
तासभर गेला असेल.
मग वळला.
"मग फुडं काय करती ती?"
"कोण?"
"अंबूताई. श्वास घेतल्यावर."

मला गाता येत नाही.
तरी बादली पालथी घालून बसलो,
म्हणालो, ती खालच्या निषादावर थांबते बघ,
पाहुणी उंबऱ्यावर थांबते तशी,
आणि लावून दाखवला.
फिनाईलच्या वासात तो निषाद
कुठल्या कुठं गेला.
राजमती तोंडाला पदर लावून हसली.
मगदूम हसला नाही.
त्यानं तबकडी हापशाखाली धुतली,
लेबल निघून गेलेली, काळी, निनावी,
आणि उन्हात नको, सावलीत ठेवली.

दिवाळीला नवा अँप्लिफायर घेतलाच त्यानं, हप्त्यावर.
तोच, अकरा पानांचा.
रात्री फोन आला.
"सुई उचलायची ऱ्हायली," एवढंच बोलला
आणि फोन कुठंतरी टेकवून ठेवला.

मोहरीएवढ्या त्या भोकांतून,
खर्ज नाही, डावं नाही, उजवं नाही,
मागं त्यांच्या कुकरची शिट्टी,
अंबूताई आल्या.
मी सवयीनं शब्द मोजायला घेतले.
सातव्याला सोडून दिलं.